एक्केचाळीस सह्यांची फाईल

१

एकदा पुरात वाहून गेलेली सरकारी फाईल मी कूवम नदीतल्या मगरीच्या जबड्यातून ओढून काढली होती, आणि वर मगरीकडून पोचपावती घेतली होती. माझी नात तुळसी म्हणते, "आजी, कूवममध्ये मगर? तिथं डाससुद्धा नाक धरून उडतात!" बरं बाई, ती थाप. ही गोष्ट मात्र थाप नाही. थाप मारताना मला हसू येतं. ही सांगताना अजून दातावर दात घट्ट बसतात.

आयुधपूजेनंतरचा शुक्रवार. सकाळी साडेनऊला तुळसीचा ऑफिसातून फोन.

"आजी, फाईल गेली."

"कुठली गं?"

"कडलोळीची. सरस्वतीपुढून गेली."

हातातली कॉफी लुगड्यावर सांडली. कारण ती फाईल सरस्वतीपुढे ठेव, असं तिला मीच सांगितलं होतं.

तुळसी केंद्र सरकारच्या एका ऑफिसात इन्स्पेक्टर आहे. एग्मोर स्टेशनाजवळच्या गल्लीत. कंपन्या सरकारला दिलेला शब्द पाळतात का, हे बघायचं त्या ऑफिसानं. नाव सांगत नाही. मीही तिथंच चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं, खाल्ल्या मिठाला जागते.

कडलोळी ही गुम्मिडिपूंडीतली कंपनी. एन्नोरच्या वीजकेंद्रांची राख उडते ती मच्छीमारांच्या खाडीत पडते, वाळत घातलेल्या जाळ्यांवर पडते, भातात पडते. त्या राखेच्या विटा करायचं संशोधन करू, म्हणून कडलोळीनं सरकारी निधी घेतला. अट एकच: प्रयोगशाळेत एन्नोरच्या माणसांना नोकरी द्यायची. तीन वर्षं कागदावर एक्केचाळीस माणसं कामाला होती. तुळसी बघायला गेली, तर प्रयोगशाळेला कुलूप आणि कुलपाला गंज. मग पोरगी तीन आठवडे एन्नोरच्या वस्तीत दारोदार फिरली आणि त्या एक्केचाळीस जणांचे जबाब सह्यांनिशी घेऊन आली. एकानंही कंपनीचं फाटक पाहिलं नव्हतं. शेवटची सही म्हाताऱ्या कार्तिकेयनची. खोकत खोकत केली, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. म्हणजे ती फाईल पुन्हा करता येण्यासारखी नव्हतीच.

आणि त्या शुक्रवारी तीन वाजता, एग्मोरमधल्याच एका हॉटेलात, दिल्लीहून आलेली संसदेची समिती बसणार होती. संशोधनाचा निधी कुठं जिरतो, नोकऱ्या कुठं जातात, आणि ज्यांनी पहारा करायचा ते काय करतात, हे विचारायला. साक्ष तुळसीची.

"साहेब म्हणतात, दोनपर्यंत फाईल मिळाली नाही तर मी सस्पेंड," ती म्हणाली. "आणि समितीला सांगणार, मीच ती कंपनीला विकली म्हणून."

"तोंड धू. मी येते."

"तू येऊन काय करणार?"

"थापा मारणार," म्हटलं, आणि ऑटो थांबवली.

२

हॉलमध्ये सरस्वतीचा फोटो, पुढे फायलींचा ढीग, बाजूला दुमडलेलं पांढरं कापड. आमच्या मद्रासेत सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशीच ऑफिसातली पूजा उरकतात. मंगळवारी दुपारी महत्त्वाच्या फायली देवीपुढे रचल्या, प्रत्येकीला ठिपका लावला, वरून कुरमुरे-डाळं उधळलं, कापड घातलं. मग ते कापड उचलेपर्यंत त्या फायली उघडायच्या नाहीत, वाचायच्या नाहीत. हात लावला तर विद्या रुसते. तुळसी एन्नोरहून परत आली तीच मंगळवारी दुपारी. स्कॅन शुक्रवारी करणार होती. मी फोनवर म्हटलं होतं, "आधी देवीपुढे ठेव. आणि आत गुळाचा खडा सरकव, आपल्या घरची रीत आहे. साक्षीत शब्द गोड निघतील."

गोड! माझ्याच जिभेला डाग द्यायला हवा होता.

रेकॉर्डकीपर शेषाद्री कपाटाला टेकून घाम पुसत होता. लाल फीत बांधायला त्याला मी शिकवलंय. मला तो पाट्टी म्हणतो, तमिळात आजीला म्हणतात तसं.

"पाट्टी, हॉलची किल्ली माझ्याकडे होती. सगळे मलाच धरणार."

"दुसरी किल्ली?"

"गुरुमूर्ती सरांच्या खोलीत, खिळ्याला. ती काय, कोणीही घेतं."

"सुट्टीत कोण कोण आलं?"

"मी दोन्ही दिवस दिवा लावायला. बुधवारी प्रमोदिनी मॅडम तासभर. गुरुवारी गुरुमूर्ती सर, दहा मिनिटं."

"दिवा लावताना कापड उचललंस?"

"शिव शिव! हात तुटतील माझे."

मी ढिगातली एक फाईल उचलली. ठिपका वाळून भेगाळला होता. नखानं टोकरला तर पापुद्रा सुटला, आणि वास कसा, देवळात शिरल्यासारखा.

"चंदन कोणी उगाळलं?"

"मीच. तुम्ही ठेवून गेलात त्याच सहाणेवर. लावलं मात्र प्रमोदिनी मॅडमनी. आधी माझ्याकडे हळदीची पुडी मागत होत्या. म्हटलं, मॅडम, इथं चंदन लावतात आणि बरोब्बर त्याच्यावर कुंकू. मग त्यांनी एकेक फाईल हौसेनं केली."

"आणि गुरुमूर्ती?"

"सर दारातच उभे होते. बुटाची नाडी सोडायचा त्यांना कंटाळा."

एवढ्यात तुळसी धावत आली. डोळे लाल.

"आजी, प्रमोदिनी मॅडमनी माझ्या सस्पेन्शनची ऑर्डर टाईपसुद्धा करायला दिली."

३

प्रमोदिनी मूळची साताऱ्याची, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेली. ऑफिसातल्या लोकांवर नजर ठेवायचं काम तिचं. दक्षता अधिकारी. कपाळावर एक आठी, ती झोपेतही जात नसावी. मी तिच्या खोलीत जाऊन बसले.

"तुम्ही बाहेरच्या आहात, आजी. तुम्हाला इथं बसता येणार नाही."

"तू बसलीयेस ती खुर्ची माझ्या सहीनं आली, पोरी. बुधवारी सुट्टी असून तासभर काय करत होतीस?"

मला वाटलं भडकेल. ती खिडकीकडं बघत राहिली.

"नवरा, मुलं साताऱ्याला. सणाला रिकामा फ्लॅट खायला उठतो. इथं येऊन सुनावणीचे कागद वाचले."

"आणि आता माझ्या पोरीचा गळा कापतेस."

"फाईल तिच्या ताब्यातली होती. नियम तुमच्या नातीला एक आणि दुसऱ्याला एक, असं मी करत नाही." मग हळूच, "मला आनंद होतोय असं समजू नका."

बाहेर आले तेव्हा माझं डोकं तापलं होतं. नियम! एन्नोरच्या माणसांच्या नावानं तीन वर्षं खोटं चाललं, तेव्हा हे नियम कुठं चरायला गेले होते?

पाहुण्यांच्या सोफ्यावर एक तरुण बसला होता. गोरा, इस्त्रीचा शर्ट, शेजारी मिठाईचा भलामोठा चपटा डबा. सोफा अगदी त्या लोखंडी कपाटाला लागून, ज्यात नैवेद्याची भांडी ठेवतात. मी डबा सरकवून बसायला गेले, तर पाट्यासारखा जड.

"राहू दे आजी, मी घेतो!" त्यानं झटकन ओढून मांडीवर घेतला. "तुम्ही मराठी? मी सिद्धार्थ, पुण्याचा. कडलोळीत असतो, गुम्मिडिपूंडीला. कसली गोड आहे हो तुमची मराठी! म्हणजे, जुनी."

"मुरलेली म्हण. तंजावरची आहे, तीनशे वर्षं बरणीत. इथं कशाला आलास?"

"गुरुमूर्ती सरांबरोबर सुनावणीला जायचंय."

"दसरा कसा केलास एकट्यानं?"

"काय करणार? लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, आईला व्हिडिओ कॉल केला. इथं आपट्याची पानं कोण देणार!"

"मंगळवारी इथं पूजा झाली, ये म्हणाले नाहीत तुला?"

"छे. या ऑफिसात मी आजच पाय ठेवतोय."

"मग एक पेढा तरी दे म्हातारीला."

डब्यावरचे त्याचे दोन्ही हात घट्ट झाले. "सरांसाठी आहे, आजी. सॉरी."

आजवर एकही मराठी पोरगा मी असा बघितला नाही, की ज्यानं मागणाऱ्या आजीला मिठाई नाकारली. मनात गाठ मारली आणि गुरुमूर्तीच्या खोलीत शिरले.

४

गुरुमूर्ती ऑफिसचा मोठा साहेब. डिसेंबरात रिटायर होणार. बिनसाखरेचा चहा पीत होता आणि मनगट कराकरा खाजवत होता.

"या पाट्टी. नातीसाठी रदबदली? हात बांधलेत माझे."

"बांधलेत तर खाजवतोस कसा?"

हसला. "म्हातारी झालात, जीभ तशीच."

"बाहेर तुझ्यासाठी केवढा मिठाईचा डबा आलाय."

"मला काय उपयोग? सोळा वर्षांची शुगर. या खोलीच्या उंबऱ्याच्या आत गोड येत नाही, शिपायालाही माहीत आहे."

"तीन वर्षं कडलोळीची पाहणी कोण करत होतं रे, तुळसीच्या आधी?"

"मी. सगळं ठीक होतं."

"कुलपावर गंज होता म्हणे."

त्यानं कप आपटला. "त्या एन्नोरवाल्यांच्या सह्यांचं कौतुक मला सांगू नका! एका बिर्याणीच्या पुडक्याला एक सही मिळते तिथं. उद्या दुसरं पुडकं द्या, उलटी सही करतील. अशा लोकांसाठी कंपन्या पळवून लावायच्या? मग नोकऱ्या कुठून येणार?"

माझ्या कानशिलात ढोल वाजायला लागला. कार्तिकेयन खोकत सही करत होता, तेव्हा तुळसीनं त्याचा हात धरला होता. रात्री घरी येऊन जेवली नव्हती पोरगी. उलट बोलायला तोंड उघडलं, आणि मान खाली गेली म्हणून दिसलं.

लाल मुंग्या. खिडकीतून भिंत, भिंतीवरून फरशी, फरशीवरून टेबलाचा पाय. शिस्तीत, रेशनच्या रांगेसारख्या. आणि सगळ्या शिरत होत्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात. खणाला कुलूप.

मी नजर वर घेतली. "एकदा काय झालं माहीत आहे, गुरुमूर्ती? आपल्या रेकॉर्ड रूममधून मुंग्यांनी चारशे पानांची फाईल उचलली आणि सेंट्रल स्टेशनपर्यंत नेली. तिकीट तपासनीसानं पकडल्या म्हणून बरं."

"पाट्टी, मला कामं आहेत," तो म्हणाला, आणि घंटी दाबली. शेषाद्री दारात आला. "काय रे, ते नैवेद्याचं कपाट आहे ना, त्याच्या मागं बघितलंस का? पूजेच्या गडबडीत घसरली असेल फाईल."

तीन मिनिटं गेली नसतील. बाहेरून शेषाद्रीची आरोळी आली.

"मिळाली! सर, मिळाली!"

५

सगळे हॉलमध्ये जमले. तपकिरी कव्हर, लाल फीत, कडलोळीचा नंबर, कव्हरवर पिवळा-लाल ठिपका. तुळसीनं दोन्ही हात जोडले. क्षणभर मलाही वाटलं, देवी पावली.

गुरुमूर्तीनं फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागला. "प्रयोगशाळा चालू स्थितीत आढळली. एक्केचाळीस कर्मचारी कामावर हजर. तक्रार नाही. खाली सही, तुळसी."

"हे मी लिहिलं नाही!" तुळसी ओरडली. "जबाब कुठं आहेत? ही माझी फाईल नाही, सर!"

"सही तुझी नाही?"

तिनं वाकून बघितलं. "माझ्यासारखीच आहे."

"बघा मॅडम." गुरुमूर्ती प्रमोदिनीकडे वळला. आवाज लोण्यासारखा. "कागदावर एक लिहिते, समितीपुढं दुसरंच सांगणार होती. कंपनीला धमकवायचा धंदा, दुसरं काय? हरवलेली फाईल मिळाली, मी समितीला हीच देतो. हिच्या जागी साक्ष मी देतो. ऑर्डरवर सही करा."

काय डाव होता बघा. फाईल नुसती हरवली असती तर समितीनं नवी चौकशी लावली असती. पण हरवलेली फाईल सापडली, आणि त्यात सगळं छान छान निघालं, की कोण कशाला खोदतंय? पोरीची नोकरी जाणार, नाव जाणार, आणि कार्तिकेयनची सही कुठंतरी गटारात जाणार.

सोफ्यावर सिद्धार्थ बूट बघत बसला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन डबा उचलला. आता कागदासारखा हलका. झाकण उघडलं, तळाशी चार मैसूरपाक.

प्रमोदिनीनं पेनचं टोपण काढलं.

"थांबा," मी म्हटलं. "मला पान खायचंय."

"आजी!" तुळसी रडकुंडीला आली. "आत्ता?"

"आत्ताच. शेषाद्री, माझी चुन्याची डबी कुठं ठेवली मी? हां, कमरेलाच आहे."

६

मी ढिगातल्या दुसऱ्या चार फायली आणि ही सापडलेली, अशा टेबलावर ओळीनं मांडल्या. बोटाला ओला चुना लावला.

"पाट्टी, हा तमाशा बंद करा," गुरुमूर्ती म्हणाला.

"चौतीस वर्षं केलं ते काम, हा तमाशा. दोन मिनिटं दे." मी प्रमोदिनीला हाक मारली. "सातारकरीण, इकडं ये. मंगळवारी हे ठिपके कोणी लावले?"

"मी. सगळे मीच लावले."

"कशाचे?"

"चंदन. वर कुंकू. मी हळद मागितली होती, शेषाद्रींनी नको म्हटलं."

मी पहिल्या फाईलच्या ठिपक्याला चुना लावला. पिवळट, पांढरट, तसाच. दुसरीला, तसाच. तिसरी, चौथी, तशाच. मग पाचवी. ठिपका गडद पिवळा, कव्हरमध्ये जिरलेला, आणि कुंकू त्याच्यावर नाही, त्याच्या शेजारी, आपल्या देशावर सवाष्णीच्या कपाळाला लावतात तसं. बोट टेकवलं.

ठिपका रक्तासारखा लाल झाला.

शेषाद्री दोन पावलं मागं सरला. त्याला वाटलं देवी कोपली. प्रमोदिनीच्या कपाळावरची आठी मात्र पहिल्यांदा गेली.

"हळद," ती म्हणाली. "हळदीला चुना लागला की कुंकू होतं. आमच्या घरी आजी असंच करायची."

"माझीही. तंजावरच्या मराठ्यांच्या घरात दोन्ही चालतं, म्हणून मला दोन्ही कळतं. ही फाईल मंगळवारी देवीपुढं नव्हतीच. दुसरीकडं बनली, आणि पूजेची खूण म्हणून तिला हळदकुंकू वाहिलं. शेषाद्रीनं केली असती तर चंदन लावलं असतं. स्वतः उगाळलं होतं त्यानं. तू केली असतीस तरी चंदनच लावलं असतंस, कारण त्याच्यावरून तुमचा वाद झाला होता. मग ज्याला पूजेची खूण असते हे ठाऊक, पण ती कशाची असते हे बघितलेलंच नाही, असा माणूस कोण? ज्याचा हात आपोआप हळदीच्या वाटीकडं जातो? ज्याचा डबा मघाशी पाट्यासारखा जड होता आणि आता हलका?"

सगळ्यांनी सोफ्याकडं बघितलं. प्रमोदिनीनं आवाज चढवला नाही. साताऱ्याच्या शाळेत बाई विचारतात तसं विचारलं.

"सिद्धार्थ. खरं काय ते बोल."

"मला काय माहीत इथं चंदन लावतात!" पोरगा उसळला. "सर फोनवर म्हणाले, पिवळा ठिपका दे आणि लाल लाव! पिवळं म्हटल्यावर कोणीही हळदच..."

आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. बोलून गेलेलं आत घेता येतं का बघत होता बिचारा.

"कोण सर?" प्रमोदिनीनं विचारलं.

७

"हा पोरगा खोटं बोलतोय," गुरुमूर्ती म्हणाला. "कंपनीनं परस्पर केलेलं दिसतंय हे. मला धक्काच बसला. मूळ फाईलही यांनीच चोरली असणार."

"यानं आजच इथं पाय ठेवलाय," मी म्हटलं. "मूळ कव्हर याच्या हाती असतं तर हळद लावायची पाळीच आली नसती. मूळ फाईल त्यानं बघितलीच नाही. ती या ऑफिसाच्या बाहेर गेलीच नाही."

"मग शोधा! माझं ऑफिस मोकळं आहे."

"शोधायला माझी माणसं आधीच लागलीत. तुझ्या खोलीत चल."

मी पुढं, मागं सगळी वरात. टेबलाशी जाऊन मी पदर सावरला आणि बोट खाली केलं. मुंग्यांची रांग आता बोटभर जाड झाली होती.

"सोळा वर्षं या खोलीत गोड आलं नाही, असं हाच म्हणाला. मग या कशाला आल्या, पेन्शनचा अर्ज द्यायला? तुळसी, फाईलमध्ये काय ठेवलं होतंस?"

तुळसीनं तोंडावर हात घेतला. "गुळाचा खडा. तू सांगितलेला."

"गुरुवारी दहा मिनिटांत यानं कापडाखालून फाईल काढली. बूट घालूनच काढली असणार. आत बघितलंही नाही. ज्यांच्या सह्या पुडक्याला एक मिळतात, त्यांचे जबाब कोण वाचतो?"

"खणात माझे खाजगी कागद आहेत!" गुरुमूर्ती टेबलासमोर आडवा आला. "कोणाला अधिकार नाही!"

"मला आहे," प्रमोदिनी म्हणाली. तिनं ती टाईप केलेली ऑर्डर घडी घालून पर्समध्ये टाकली आणि तळहात पुढं केला. "किल्ली."

तो हलला नाही. मग शेषाद्री, ज्याला साहेबापुढं मान वर करताना मी कधी बघितलं नव्हतं, तो पुढं झाला, साहेबाच्या शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि मॅडमच्या हातावर ठेवली.

खण उघडला. तपकिरी कव्हर, त्यावर चंदन, चंदनावर कुंकू, आणि मुंग्याच मुंग्या. तुळसीनं फाईल छातीशी धरली. दोन मुंग्या हनुवटीवर चढल्या, तरी सोडेना.

फाईलच्या खाली एक कोरा करकरीत लिफाफा होता. कडलोळीचा शिक्का. प्रमोदिनीनं आतलं पत्र वाचलं आणि माझ्याकडं दिलं. गुरुमूर्तीला जानेवारीपासून कंपनीत सल्लागार म्हणून नेमलं होतं. म्हणून मूळ फाईल जाळली नव्हती त्यानं! हे पत्र हातात पडेपर्यंत तीच त्याची हमी होती. ते आज सकाळीच सिद्धार्थनं आणून दिलेलं असणार.

एन्नोरच्या एक्केचाळीस जणांना तीन वर्षांत एक नोकरी मिळाली नाही. कडलोळीनं एकच नोकरी खरोखरची दिली, आणि ती याला.

मी खूप शिव्या शिकलेय, मराठीतल्या आणि तमिळमधल्या. एकही पुरेशी वाटली नाही.

"अडीच वाजले," प्रमोदिनी म्हणाली. "तुळसी, चेहरा पूस. गाडी खाली आहे. गुरुमूर्ती सर, तुम्हीही चला. समितीला तुम्हालाही विचारायचं असेल."

८

हॉटेलचा तो हॉल म्हणजे नुसता थंडगार बर्फ. एका बाजूला खासदार, मधोमध समितीचे अध्यक्ष, समोर कडलोळीचा डायरेक्टर आणि त्याचा वकील. मागच्या खुर्च्यांवर एन्नोरहून बसनं आलेली माणसं. चाळीस जण. कार्तिकेयनचा मुलगा वेंकट पुढच्या रांगेत.

तुळसीनं टेबलावर फाईल ठेवली. अध्यक्षांनी चष्मा वर केला.

"बाई, यातून मुंग्या निघतायत."

"हो सर. मूळ प्रतीबरोबर आल्यात. खोटी प्रत शेजारी आहे, तिला मुंग्या नाहीत."

कोणीतरी हसलं. मग तिनं जबाब वाचायला घेतले, एकेक, नाव घेऊन, आणि हसणं थांबलं. जाळी विणणारी बाई, कागदावर रसायनतज्ज्ञ. एका पायानं अधू माणूस, कागदावर यंत्रचालक. तिचा आवाज एकदाही हलला नाही. हललं ते डायरेक्टरचं कोपर, कारण मुंग्यांची रांग त्याच्या फायलीकडं निघाली होती. गुरुमूर्तीला अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "तीन वर्षं तुम्ही पाहणी केलीत, तेव्हा कुलूप आतून होतं की बाहेरून?" त्याला पाणी मागावं लागलं.

शेवटी अध्यक्ष मागं बघून म्हणाले, "तुमच्यापैकी कोणाला काही सांगायचंय?"

वेंकट उठला. शर्टाच्या बाहीवर राखेचे ठिपके, ते धुऊन जात नाहीत. तमिळमध्येच बोलला, आणि बघत होता डायरेक्टरकडं.

"साहेब, तुमच्या कागदावर मी तीन वर्षं तुमच्याकडं कामाला आहे. कोणी मला काढल्याचं पत्र आलेलं नाही. मग सोमवारी किती वाजता येऊ?"

डायरेक्टरनं वकिलाकडं पाहिलं. वकील पुढं वाकला. "आम्ही पंधरा दिवसांत लेखी उत्तर देऊ."

"बरं," वेंकट म्हणाला. "तोवर उभा राहतो."

आणि बसला नाही. शेजारची जाळीवाली उठली. मग तो अधू माणूस, खुर्ची धरून. खुर्च्या सरकल्याचा आवाज मागं मागं जात राहिला. अध्यक्षांनी घंटी वाजवायला हात नेला आणि तसाच ठेवला.

मी मोजायची सवय लागलेली बाई. मोजले. चाळीस भरले.

तेव्हा साक्षीच्या खुर्चीतून तुळसी उठली, फाईल कार्तिकेयनच्या सहीवर उघडून हातात धरलेली, आणि एक्केचाळीस झाले.